घास पोचल्याचा आवाज

आत्याच्या हातचं खाताना कुणी पानावरून अर्धपोटी उठलंय, असं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतली आणि आल्या दिवशीच चुलीपुढचा पाट तिनं आपल्याकडे ओढून घेतला. पोशीरपासून नेरळपर्यंत कुणाकडे लग्न असो नाहीतर बारसं, वालाचं बिरडं करायला तिलाच बोलावणं यायचं. पंगतीत वाढायला निघाली की पानावर आडवा धरलेला हात तिला दिसत नसे, ती सरळ हातावरच वाढायची. तिच्या नाकाला तर सगळे बिचकून असत. बिरड्यात मीठ कमी पडलंय की जास्त झालंय, हे ती चव न घेता नुसत्या वाफेवरून सांगायची, आणि दूध नासणार असेल तर दुधाच्या आधी तिला कळायचं. सकाळी मला जाग यायची ती तिच्या भाकरीच्या आवाजानं. काटवटीवर तांदळाची भाकरी थापल्याची थपथप, मग ती उचलून तव्यावर टाकल्यावर जरा शांतता, आणि वरून पाण्याचा हात फिरला की चर्र! आज साठी उलटून गेली तरी गॅसवर भाकरी टाकताना मी त्या आवाजासाठी क्षणभर थांबते.

आत्याचे नियम दोनच. पानात टाकायचं नाही, आणि जेवण आटपेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. "पान्यानं पोट भरलंव तर भाकर कुटं ठेवनार?" असं ती विचारायची आणि उत्तराची वाट बघत नसे. पाण्याचा तांब्या उंबऱ्यापाशी ठेवलेला असायचा. सगळ्यांची पानं साफ झाली की तो आणायचं काम माझ्याकडे होतं. आम्हाला याची इतकी सवय झालेली की जेवता जेवता पाणी पिणारी माणसं पहिल्यांदा पाहुण्यांच्या घरी बघितली, तेव्हा मला ती आजारी वाटली होती.

मंदाकाकी या घरात आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि आई मला दिवसातून चारदा तरी चोंबडी म्हणायची. काकी खालापूरकडची. दत्तूकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, नेरळ ते कशेळे जीप चालवायचा आणि घरात तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याला ही अशी हसरी, सगळ्या गावाच्या नकला करणारी बायको मिळाली याचं आम्हाला नवल वाटलं आणि मला तर आनंदानं वेड लागायचं बाकी राहिलं. मी शाळेतून आले की आम्ही दोघी मागच्या पडवीत बसून वाल सोलायचो आणि ती आत्याची नक्कल करायची. एकदा आत्या पाठीमागे येऊन उभी राहिली. नक्कल पूर्ण होऊ दिली आणि मग म्हणाली, "माजा आवाज येवढा किरटा नाय गं." म्हणजे बघा, सुरुवातीला सगळं किती छान चाललं होतं.

पण जेवायला बसलं की काकीचं हसणं बंद व्हायचं. दोन घास नीट खायची, तिसऱ्याला थांबायची. पाठ ताठ करायची, खांदे मागे घ्यायची, मान उंच करून पुन्हा पुन्हा आवंढा गिळायची. कसंबसं पान साफ करायची, कारण टाकायची सोय नव्हती, आणि मग गोठ्यामागे जाऊन यायची. परत आली की डोळे ओले. नवी सून, जेवण ठरत नाही, आणि दोन महिन्यांत तिचं बाहेर बसणंही थांबलं. आता यावर बायका काय समजणार? आत्याचा आनंद घरात मावेना. तिनं नेरळहून पेढे आणवले, आवळे आणवले, चिंचेचे गोळे केले, आळीतल्या घराघरात जाऊन सांगून आली. काकी हळूच म्हणायची, "आत्या, माज्या छातीत अडकतंय ओ." आत्या तिची पाठ थोपटायची. "पयल्या येळेला अडकतंच. खा तू."

पाच महिने झाले आणि पोट काही दिसेना. उलट मनगटावरच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. शेवटी आरोग्य केंद्राच्या सिस्टर आल्या. त्यांच्याकडे पोटावर टेकवून ऐकायचं एक भोंग्यासारखं लाकडी यंत्र होतं. मी दाराच्या फटीला डोळा लावून बसले होते. सिस्टरनी काकीचं पोट चाचपलं, भोंगा इकडे टेकवला, तिकडे टेकवला, आणि उठून ओटीवर आल्या. "यात बाळबीळ काही नाही. बाई वाळून गेलीय, म्हणून पाळी थांबलीय," त्या आत्याला म्हणाल्या. "जरा हिला जेवायला घाला."

जेवायला घाला! हे आत्याला! अजून ते आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो आणि हसूही येतं. जिनं अर्ध्या तालुक्याला जेवायला घातलं तिला, तिच्याच ओटीवर, शेजारणींच्या देखत हे ऐकावं लागलं. सिस्टर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आत्यानं सगळ्यांना ओटीवर बोलावलं. "हिला आपल्या घरचं अन्न नको हाय. माज्या हातचं खाती आनि गोठ्यामागं टाकून येती. शेळी हाय शेळी, रवंत करती. तिच्या भावाला निरोप धाडा, म्हनावं घेऊन जा बहिनीला." बाबांनी मान खाली घातली. दत्तूकाका जीपखाली शिरला आणि दिवसभर काय काय आवळत पडून राहिला. माहेरी पाठवणं म्हणजे चार दिवसांचं पाठवणं नव्हे, एवढं मला कळत होतं. आळीत अशी एक होती, जिला परत न्यायला कुणी आलं नव्हतं. काकीनं ट्रंक भरायला घेतली आणि मी तिच्या साड्या एका बाजूनं काढत राहिले.

आता मला त्या 'रवंत'बद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्या एका शब्दामुळे घडलं. आमच्याकडे चार शेळ्या होत्या, आणि संध्याकाळी त्या रवंथ करत बसल्या की मी त्यांच्यात जाऊन बसायची. शेळीच्या गळ्यातून एक गोळा खालून वर सरकत येतो, तो बघायला मला फार मजा वाटायची. त्या दिवशी मी रडायलाच गोठ्यात गेले होते. शेळीनं तोंड माझ्या तोंडाशी आणलं आणि मला तो ओळखीचा आंबट वास आला. आंबट! मी रडायची थांबले. काकी गोठ्यामागे जाऊन आली की राख टाकायला मीच जायची. तिथे नेहमी भात असायचा जसाच्या तसा, शीत न शीत वेगळं, आणि त्याला आंबट वास कधीच नसायचा. बाळ्या, माझा धाकटा भाऊ, ओकला की घरभर आंबूस वास पसरायचा. शेळीच्या पोटातून आलेलं आंबट, बाळ्याच्या पोटातून आलेलं आंबट, मग काकीचंच का नाही? मला असं झालं की कुणाला सांगू आणि कुणाला नको. काकीचं अन्न पोटातून परत येत नव्हतं, ते पोटात जातच नव्हतं!

पण हे सिद्ध कसं करायचं? मला सिस्टरांचा भोंगा आठवला. रॉकेल ओतायचं पत्र्याचं नरसाळं घरात होतं. ते राखेनं घासलं, तरी वास गेला नाही, पण ऐकायला वास कुठे आड येतो? रुंद तोंड बाळ्याच्या पोटावर, बारीक टोक माझ्या कानात. आधी नुसती गुरगुर. मग सरकवत सरकवत वर आले, बरगड्या जिथे मध्ये जुळतात त्याच्या खालच्या खळगीत, आणि त्याला एक घोट पाणी प्यायला सांगितलं. गळ्यात गटक् झालं. मग काहीच नाही. मी आपले आकडे मोजत होते. सातला, अगदी त्या खळगीत, अरुंद तोंडाच्या घागरीत पाणी शिरावं तसा आवाज आला, झुळ्ळ! मी नरसाळं टाकून ओरडलेच. पुन्हा घोट, पुन्हा सात. मग मी आईला धरलं, तिचा आठला आला. शेजारच्या आजोबांचा दहाला. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बायका हसून लोटपोट झाल्या, पण ओच्याला हात घालत एकेक जण पुढे आली, कारण आपल्या पोटात काय वाजतं हे ऐकायची हौस कुणाला नसते? सगळ्यांचा आवाज दहाच्या आत यायचा. मग मी काकीकडे गेले. तिनं घोट घेतला. मी तीसपर्यंत मोजलं. माझ्या कानात फक्त तिचं काळीज वाजत होतं.

मी पुढे नर्स झाले आणि नोकरीची निम्मी वर्षं दुर्बिणीनं पोट तपासायच्या खोलीत काढली. माणसाच्या आतली ती जागा मी किती वेळा बघितली असेल याचा हिशेब नाही, आणि दर वेळी मला चौदा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. दुर्बीण अन्ननळीतून खाली उतरत जाते. भिंती फिकट गुलाबी, ओल्या, गुळगुळीत. मग एकाएकी एक नागमोडी रेघ येते, कुणी हातानं वेडीवाकडी काढावी तशी, आणि रेघेच्या पलीकडे सगळं लालबुंद. तिथे नळी संपते आणि पोट सुरू होतं. पोटातल्या आम्लात राहायचं ते लाल अस्तरानं, फिकट अस्तराला ते सोसत नाही, म्हणून ही जागा एरवी घट्ट मिटलेली असते. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदाही तिला बाहेरून चिमटीत धरतो. आणि तरी घास वरून निघाला रे निघाला की खाली ती आपोआप सैल होते, घास यायच्या आधीच! घास आत गेला की पुन्हा मिटते. आपण गप्पा मारत जेवतो आणि हे दिवसातून शेकडो वेळा चाललेलं असतं. मी नव्या मुलींना दाखवायची तेव्हा माझा आवाज चढायचा आणि डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, हळू, पेशंट दचकेल.

त्या वेळी मला यातलं काहीही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकीचा भाऊ येणार होता. ट्रंक ओटीवर आणून ठेवलेली. आत्या वाल निवडत बसली होती, मान वर करत नव्हती. मी नरसाळं घेऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"आत्या, एकदा ऐक. मग धाड तिला."

"काय ऐकू? पोटातली भुतं?"

"तुजा घास पोचतो का नाय ते."

'तुझा घास' म्हटल्यावर तिचा हात थांबला. मी आधी बाळ्याला आणलं. आत्यानं नाक मुरडत नरसाळं कानाला लावलं आणि मी मोजायला लागले. सातला तिचे डोळे मोठे झाले. "आगो बाय!" मग तिनं आपणहून आईला बोलावलं. मग मला निजवलं. आमच्या तिघांचे आवाज ऐकून झाले आणि काकी भिंतीकडेला उभी होती, तिच्याकडे आत्यानं पहिल्यांदा नीट बघितलं. "ये. हितं पड."

काकीनं मान उचलून घोट घेतला आणि पुन्हा आडवी झाली. आत्यानं स्वतःच मोजायला सुरुवात केली. सातला तिनं माझ्याकडे बघितलं. दहाला नरसाळं जरा सरकवलं. वीसला तिचा आवाज बारीक झाला. "आनि एक घोट घे." पुन्हा मोजलं. तिसरा घोट. मग काकी घाईनं उठली, ओटीच्या कडेला वाकली आणि तिन्ही घोट परत आले. एरवी आत्यानं तोंड फिरवलं असतं. ती उठली, काकीच्या तोंडाशी वाकली आणि तिनं वास घेतला. आधी एकदा, मग डोळे मिटून पुन्हा एकदा. ज्या नाकाला आम्ही सगळे भ्यायचो त्या नाकाकडे मी श्वास रोखून बघत होते.

"आंबट नाय," आत्या म्हणाली. "कायच वास नाय. पानी जसं गेलं तसंच आलंय." ती खाली बसली. "म्हंजे पोरी, माजा घास तुज्या पोटात कदी गेलाच नाय?"

काकी रडायला लागली. "मी सांगत व्हते ना, अडकतंय म्हनून."

भाऊ आला तेव्हा त्याच्या हातात ट्रंक न देता आत्यानं त्यालाच जीपमध्ये बसवलं आणि आम्ही सगळे कर्जतला गेलो. नरसाळं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टर हसतील म्हणून आई ते मागत होती, मी दिलं नाही. डॉक्टर हसले नाहीत. सगळं ऐकल्यावर त्यांनी आपला स्टेथोस्कोप त्याच खळगीत लावला, काकीला पाणी पाजलं, घड्याळाकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला हे कुणी शिकवलं?" माझी छाती फुगली आणि मी नरसाळं वर धरून दाखवलं. त्यांनी काकीला खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध पाजून फोटो काढवला आणि तो उजेडासमोर धरला. वर फुगलेली नळी, खाली निमुळती होत होत एक बारीक टोक. आत्या म्हणाली, "ही तर पाखराची चोच हाय." डॉक्टर म्हणाले, "आमच्या पुस्तकातही तिला हेच म्हणतात."

मग त्यांनी आत्याच्या कमरेची चंची मागून घेतली, ती पानसुपारीची नाडीवाली पिशवी. "आत्याबाई, नळी आणि पोट जुळतात तिथे दार नसतं की झाकण नसतं. असाच आवळलेला स्नायू असतो. आपण गिळलं की त्याला निरोप जातो आणि ही नाडी सैल होते. हिच्याकडे तो निरोप पोचत नाही. नाडी कायमची आवळलेली."

"मंग नाडी कापा," आत्या म्हणाली.

"तेच करायचं. मुंबईला. वरची नाडी कापायची आणि आतल्या पिशवीला भोक पडू द्यायचं नाही, एवढंच कसब." मग ते काकीकडे वळले. "हे वर्षा-दोन वर्षांचं दिसतंय. लग्नाआधी कसं निभावलं?"

काकीनं खाली बघितलं. "माहेरी घासागनिक पानी प्यायची. मंग भारानं उतरायचं थोडं थोडं."

"आणि सासरी?"

आत्यानं चंची हातात घट्ट धरली. "म्या पानी बंद केलं," ती डॉक्टरांना म्हणाली. "माज्या घरात जेवताना पानी नसतं." गावच्या पंचायतीपुढेही कधी न वाकलेली बाई, त्या खोलीत सर्वांदेखत काकीचे पाय धरायला निघाली. काकीनं तिचे हात वरचेवर धरले. मला त्या दोघींकडे बघवेना, म्हणून मी फोटोतल्या चोचीकडे बघत राहिले.

मुंबईच्या इस्पितळात काकीजवळ आत्याच राहिली. आम्हा मुलांना नेलं नाही, त्याचा राग मी आजवर धरून आहे. वीस-बावीस दिवसांनी दत्तूकाकाची जीप अंगणात आली तेव्हा त्यानं हॉर्न वाजवला तो थांबवेचना, आणि त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब भाषण असावं. काकी उतरली. अजून काडीच होती, पण आल्या आल्या तिनं इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांची नक्कल करून दाखवली आणि टाके दुखले म्हणून पोट धरून हसली.

आत्यानं हातपाय धुतले आणि चुलीपुढे बसली. मऊ भात आणि वालाचं कढण. पान मांडलं. मग ती उंबऱ्यापर्यंत गेली, तिथला तांब्या उचलला आणि काकीच्या पानाला उजव्या बाजूनं चिकटवून ठेवला. सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर आमच्या घरात त्या तांब्याची जागा तीच राहिली.

"शालू, नरसाळं आन," आत्या म्हणाली.

मी धावत आणलं आणि ऐकायला पुढे झाले, तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. काकी भिंतीला टेकून बसली. आत्यानं नरसाळं टाक्यांच्या वर, अगदी अलगद टेकवलं आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. काकीनं एक घास घेतला, चावला, गिळला. आत्या मोजायला लागली.

"येक. दोन."

आणि तिनं दचकून मान वर केली. "आलाव! आगो, दोनलाच आलाव! बाळ्याचा सातला येतो ना गं? काय तुटलं तर नाय आतमंदी?"

याचं उत्तर मला पुढे शिकताना कळलं. नाडी कापली म्हणजे ती जागा कायमची सैल झाली. तिथे आता थांबायला काही नाही, घास आपल्या भारानं सरळ पोटात उतरतो. त्याची किंमतही असते, कधीमधी पोटातलं आंबट वर येतं. काकी आजही पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवूनच झोपते, आणि आंबट आलं की मला फोनवर सांगते, "आलं गं बाय तुजं आंबट!" आम्ही दोघी त्यावर अजून हसतो.

त्या दिवशी काकीला काहीच कळलं नव्हतं, फक्त छातीत अडकलं नाही एवढंच कळलं होतं. ती हात तसाच पानात ठेवून बघत बसली. घास कुठे अडेल याची ती वाट बघत होती, आणि तो अडत नव्हता. मग ती हसली. आई पदरात तोंड लपवून रडायला लागली, दत्तूकाका उठून अंगणात गेला. मी नरसाळ्यासाठी हात पुढे केला.

"आत्या, मला दे ना. मला पण ऐकू दे."

आत्यानं माझा हात बाजूला केला. नरसाळं तिच्या कानाला तसंच होतं.

"थांब गं तू," ती म्हणाली, आणि काकीला म्हणाली, "हलू नको. आनि एक घास घे."